पाऱ्याचं वर्ष

खिशातला मोबाइल थरथरला तेव्हा रत्नपालचे दोन्ही हात साबणाच्या फेसात होते आणि बारापैकी सातवी परीक्षानळी धुऊन होत होती. त्याने ती स्टँडवर उपडी घातली, मग आठवी धुतली, नववी धुतली. काच हातात असताना दुसरीकडे चित्त द्यायचं नाही हा त्याचा नेम. शाळेला आग लागली असती तरी त्याने आधी बारावी नळी उपडी घातली असती आणि मग बादली शोधली असती. हात पुसून, चष्मा कपाळावरून नाकावर आणून त्याने मेसेज वाचला. खात्यात अडतीस हजार चारशे साठ रुपये जमा, इन्कम टॅक्स रिफंड. पैसे आल्यावर माणसाला आनंद व्हावा. रत्नपालला घाम फुटला. बावन्न वर्षांच्या आयुष्यात सरकारने त्याच्याकडून मागितलं होतं, कापून घेतलं होतं, नंतर देऊ म्हणून ठेवून घेतलं होतं. आपण होऊन परत दिलेलं त्याला एकदाही आठवत नव्हतं. मागच्याच वर्षी गणिताच्या सरांना असाच मेसेज आला, त्यांनी त्यातल्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि खातं धुऊन निघालं. त्याने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला, सरळ केला, पुन्हा पालथा ठेवला. प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. खिडकीतून मोंढ्यावरच्या, धान्यबाजारातल्या हळदीचा वास येत होता. तो हिंगोलीत बारमाही येतो आणि म्हणूनच कोणाच्या नाकाला जाणवत नाही. पण भीती वाटली की रत्नपालला सगळे वास जाणवतात. शेवटी त्याने मंतशाला फोन लावला. याच प्रयोगशाळेत अठरा वर्षं त्याच्या जोडीने परिचर म्हणून राबून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या मकबूलभाईंची ही धाकटी मुलगी. गांधी चौकाच्या पुढे एका शटरच्या गाळ्यात बसून ती लोकांचे टॅक्सचे कागद भरते.

"चाचा, त्यात लिंकबिंक आहे का? इथं दाबा, ओटीपी सांगा, असलं काही?"

"न्हाई. निस्तं जमा म्हणून हाय."

"मग खरेच आलेत. अब्बांचे पण आठ दिवसांपूर्वी आले. शाळा सुटल्यावर या, कागद घेऊन जा."

आनंद मग हळूहळू आला, थंडीत चूल पेटावी तसा, आधी धूर आणि मग ऊब. मधल्या सुट्टीत डबा खाताना त्याला पहिली आठवण झाली ती करुणाच्या पिठाच्या गिरणीची. त्याची बायको दोन वर्षांपासून घरगुती गिरणीचं एक छापील पान दिवाणाखाली जपून होती. गल्लीत तेवीस घरं आहेत आणि सगळ्यांना दळणासाठी नाक्यापर्यंत जावं लागतं, हे ती महिन्यातून एकदा कोणाला उद्देशून नाही अशा आवाजात सांगत असे. गिरणी येऊनही पैसे उरत होते. उरलेल्यांत लेकीकडे पुण्याला जाऊन यायचं, की न्हाणीला दार लावायचं, की नुसतंच खात्यात ठेवायचं आणि अधूनमधून त्या आकड्याकडे बघायचं? रत्नपालला हा तिसरा बेत सगळ्यांत आवडला. डब्यातली भेंडी थंड झाली होती, तरी ती त्याला त्या दिवशी फार चवदार लागली.

मंतशाच्या गाळ्यात एक पंखा, दोन खुर्च्या आणि भिंतीला टेकून फायलींचे गठ्ठे. तिने कागद समोर सरकवला. त्यावर उभे रकाने होते आणि प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एकेक वर्ष. रत्नपालने तो आदराने दोन्ही हातांनी धरला, पण त्याला काही कळलं नाही, आणि कळलं नाही हे त्याने लपवलंही नाही.

"हे बघा चाचा," मंतशा पेनाच्या टोकाने दाखवू लागली. "तुमच्या वरच्या श्रेणीची थकबाकी दहा-बारा वर्षं अडकून गेल्या मार्चला सगळी एकदम आली. एकदम आली म्हणून टॅक्स दणकून बसला. पण ते काय या वर्षीच्या कामाचे पैसे आहेत का? नाहीत. म्हणून ज्या वर्षाचा जेवढा हिस्सा, तो उचलून त्या वर्षात नेऊन ठेवायचा. बाराचे पैसे बाराला, तेराचे तेराला. तेव्हा तुमचा पगार एवढासा होता की टॅक्स लागतच नव्हता. म्हणून कापलेला परत आला."

"म्हंजे हे पैसे आत्ताचे न्हाईत?"

"आलेत आत्ता. आहेत तेव्हाचे."

रत्नपाल हसला. सरकारला एवढं बारीक सुचतं याचं त्याला कौतुक वाटलं. मंतशा कागदांना पिन मारत होती, आणि पिन मारता मारताच, मान वरही न करता ती म्हणाली, "तुमचा आणि अब्बांचा तक्ता शेजारी ठेवूनच केला मी. दोघांचा पगार सारखाच. फक्त बाराच्या डिसेंबरपासून सहा महिने अब्बांची कटौती आहे, महिन्याला साडेअकराशे. पगारपत्रकावर बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय, बॅरोमीटर. अब्बांना विचारलं, तर म्हणाले, हाताची चूक झाली होती बेटा." तिने कागद पाकिटात घालून दिला. "पाचशे रुपये चाचा. सावकाश दिले तरी चालतील." रत्नपालने पाचशेची नोट काढून दिली. ती देताना आपली बोटं आपली नसल्यासारखी त्याला वाटली.

तो रस्त्यावर आला आणि घराच्या उलट्या दिशेने चालू लागला. हे त्याला एसटी आगार आल्यावर कळलं. फलाटाजवळच्या बाकावर तो बसला. गाड्या लागत होत्या, सुटत होत्या, नांदेड, कळमनुरी, आखाडा बाळापूर. एक कंडक्टर डोंगरकडा गावच्या नावाने ओरडत होता आणि त्या ओरडण्याने तेरा वर्षांपूर्वीचा तो शनिवार जसाच्या तसा समोर आला. त्या शनिवारी त्याला हीच गाडी धरायची होती. गावी चुलतभावाचा साखरपुडा होता, म्हणजे काही जीवनमरणाचा प्रश्न नव्हता. पोहे आणि पेढे खाऊन परत यायचं होतं. पण रविवारी रंगारी येणार होते आणि प्रयोगशाळेच्या भिंती मोकळ्या करायच्या होत्या. मकबूलभाई दुपारी घरी गेले होते. भिंतीवर तो उंच बॅरोमीटर लटकलेला होता, आत काचेची नळी, नळीत पारा. तो उतरवायची एक रीत असते. आधी खालचा स्क्रू सावकाश फिरवायचा, पारा नळीच्या टोकापर्यंत चढवायचा, आत पोकळी राहू द्यायची नाही, आणि मगच हलवायचा. ही रीत मकबूलभाईंनीच त्याला शिकवली होती, एकदा नाही, दहादा. स्क्रू फिरवायला पाच मिनिटं लागतात. गाडी साडेचारला होती. त्याने बॅरोमीटर तसाच खिळ्यावरून काढला आणि आडवा केला. आत पारा एकदम धावत गेला आणि टोकावर आपटला. टक्. एवढाच आवाज. मग काच आतल्या आत खळखळली आणि फरशीवर पाऱ्याच्या गोळ्या पळाल्या, शेकडो, टेबलाखाली, कपाटाखाली, शहाबादीच्या सांध्यांतून. त्याने एका पोस्टकार्डाने त्या गोळा करायचा प्रयत्न केला. दोन एक होत, चार सुटत. गुडघ्यांवर रांगत, मोठा माणूस, घामाने डोळे चुरचुरत असताना, त्याला आधीचाच प्रसंग आठवत होता: त्याच वर्षी त्याच्या हातून दोन ब्युरेट फुटले होते आणि मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर बजावलं होतं, अजून एक वस्तू फुटली तर वेतनवाढ विसरायची. घरात लेक चौथीत, भाड्याची खोली, करुणा नुकतीच टायफॉइडमधून उठलेली. तो निमित्तं शोधत नव्हता. निमित्तं आपण होऊन येऊन त्याच्याभोवती बसली होती.

मग त्याने एक गोष्ट केली. एवढ्या वर्षांत त्याने स्वतःशीही ती सरळ वाक्यात मांडली नव्हती. मन तिच्याजवळ आलं की वळसा घालून जाई. त्याने बॅरोमीटर खिळ्याच्या बरोबर खाली, पडल्यासारखा ठेवला. खिळा भिंतीत घट्ट होता. मकबूलभाईंनी ठोकलेला खिळा तो, चार इंची, सरळ; असल्या खिळ्यावरून काही पडलं म्हटलं तर कोणी विश्वास ठेवला नसता. त्याने ड्रॉवरमधली मोठी पक्कड घेतली, खिळा तिच्यात धरला आणि अंगाचा सगळा भार देऊन तो खाली वाकवला. मग कुलूप लावलं, आणि साडेचारची गाडी त्याला मिळाली. पोहेही मिळाले. ते घशाखाली उतरले नाहीत, एवढंच.

त्याला वाटलं होतं की वस्तू पडली म्हटल्यावर दोष भिंतीला जाईल. पण सोमवारी मकबूलभाई स्वतःच मुख्याध्यापकांसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, खिळा माझ्या हातचा, तो वाकला, चूक माझी. माणूस इतका सरळ असेल याचा हिशेब रत्नपालने धरलाच नव्हता. त्या वेळी बोलायला हवं होतं. बोलणं ओठांपर्यंत आलंही होतं, आणि आपण गप्प राहिलो हे त्याला आपलाच आवाज ऐकू आला नाही तेव्हा समजलं. पहिल्या कटौतीच्या दिवशी तो बोलणार होता. मग दुसऱ्या. सहावी झाल्यावर वाटलं, झालं आता, संपलं. पण संपलं नव्हतं. हिंगोलीच्या पंचक्रोशीत मकबूलभाईंसारखी काचनळी कोणी वाकवत नसे. दिव्याच्या ज्योतीवर नळी फिरवत फिरवत ते बोलत राहायचे आणि काच ऐकल्यासारखी वळायची. दुसऱ्या शाळांतून परिचर शिकायला यायचे. त्या सोमवारनंतर त्यांनी नळी हातात घेतली नाही. "तू कर," म्हणायचे. "माझा हात आता भरोशाचा राहिला न्हाई." असं त्यांनी दहा वर्षं म्हटलं. आणि रत्नपालने दहा वर्षं त्यांच्यासमोर नळ्या वाकवल्या, वाईट वाकवल्या, आणि ते म्हणायचे, छान झाली. पैशांचं काय, पैसे कोणाचेही बुडतात. आपण त्या माणसाचे हात घेतले होते, आणि स्वतःच्या हातांना जपत, एकेक नळी जपून धूत, नेमाचा माणूस म्हणून नाव कमावलं होतं. बाकावर बसून रत्नपालला स्वतःची इतकी शिसारी आली की शेजारची बाई पिशवी घेऊन थोडी सरकली. त्याचा चेहराच तसा झाला असावा.

घरी करुणाला मेसेजची बातमी आधीच कळली होती. बँकेचा मेसेज तिच्याही मोबाइलवर येतो. दिवाणाखालचं पान टेबलावर आलं होतं, चहा उकळत होता आणि तिच्या चेहऱ्यावर वीस वर्षांपूर्वीचं काहीतरी होतं. रत्नपाल मुकाट्याने खुर्चीवर बसला.

"काहून गप बसले? पैसे परत मागून राहिले का काय?"

"न्हाई. आपलेच हायत. बराबर हायत."

"मंग?"

त्याने सांगितलं. आधी रकान्यांचं, मग शनिवारचं, पाऱ्याचं, साडेअकराशे गुणिले सहाचं. खिळ्याचं सांगितलं नाही. तिथे आल्यावर त्याने पाण्याचा घोट घेतला आणि पुढच्या वाक्यावर गेला. करुणा ऐकत होती. तो थांबल्यावरही ती गिरणीच्या पानाला चिकटलेला भिंतीचा चुना नखाने खरवडत राहिली.

"त्या टायमाला मला टायफॉइड झालता," ती म्हणाली. "भाभी रोज खिचडी धाडायच्या. मंतशा घेऊन यायची, एवढीशी पोरगी, डबा दोन्ही हातानं धरून."

"व्हय."

"अन् तुमी ते खाल्लं."

रत्नपालने मान खाली घातली. बायको रागावली असती तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं, पण तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. ती उठली, गॅस बंद केला आणि त्याच्याकडे पाठ करूनच म्हणाली, "त्याच सालचे पैसे हायत म्हनता, तर त्याच सालात नेऊन टाका. उद्या आयतवार हाय, सकाळीच जा. गिरणी काय कुठं पळून चालली का?"

एवढ्या साध्या बोलण्याने त्याच्या छातीवरचं काहीतरी सरकलं. सगळं नाही, पण जेवढं सरकलं तेवढ्याने श्वास खोल गेला. त्या रात्री त्याला ताबडतोब झोप लागली, याचं त्याला सकाळी नवल वाटलं.

रिसाला बाजारात मकबूलभाईंचं घर दोन खोल्यांचं, पुढे लिंबाच्या कुंड्या. त्यांच्या बायकोने, मदीनाबींनी चहा आणला. रत्नपालने कप हातात घेतला आणि न पिताच खाली ठेवला. खिशातलं पाकीट छातीला टोचत होतं. मकबूलभाई पायजम्यावर बनियन घालून खाटेवर बसले होते, दाढी पूर्ण पांढरी, आणि रिफंड आला का म्हणून विचारत होते.

"मकबूलभाई," रत्नपाल म्हणाला, "ते बॅरोमीटर मी फोडलं."

मकबूलभाईंनी त्याच्याकडे बघितलं. कोणतं बॅरोमीटर असं त्यांनी विचारलं नाही. ते म्हणाले, "पारा चढवला नव्हतास?"

"न्हाई."

"काहून?"

"घाई होती. गाडी धरायची होती."

"मग फुटणारच," ते म्हणाले, आणि त्यांनी मान अशी हलवली जशी ते नव्या परिचराची चूक ऐकून हलवायचे. "पोकळी राहिली की पारा आपटतो. काच हाय, फुटती. सांगायचं होतंस रे. मी काय तुला खाल्लं असतं?" रत्नपालच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या सोप्यात सुटलो, असं त्याला वाटलं. आणि त्याच क्षणी मकबूलभाईंच्या कपाळावर आठी उमटली. "पण ते तर पडलं होतं. खिळा वाकला होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितला."

उत्तर तयार होतं. काढताना वाकला असेल, एवढं म्हटलं की झालं. खोटं इतकं हाताशी, इतकं गुळगुळीत होतं की त्याची जीभ त्याच्याकडे वळलीसुद्धा. मग आज परत तोच शनिवार झाला असता, आणि हा माणूस कबरीत जाईपर्यंत स्वतःच्या हाताकडे संशयाने बघत राहिला असता.

"खिळा पक्का होता," रत्नपाल म्हणाला. "मी वाकवला. नंतर. पक्कडीनं."

बाहेर कोणीतरी भंगाराचा गाडा ढकलत गेलं. मकबूलभाई उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, ओठ हलत होते, एकदा हात उगारल्यासारखाही वर झाला. मग ते आतल्या खोलीत गेले आणि आतून डबे उलथेपालथे केल्याचा आवाज येऊ लागला. रत्नपाल उभा राहिला. जावं की थांबावं कळेना. मदीनाबी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, पदराचं टोक दातात.

"भाऊ, तुमको मालूम क्या," त्या हळू म्हणाल्या, "तेरा साल से इनो दीवाल को हात नै लगाए. परदे का खिल्ला बी सुतार आके ठोकता. मैं बोली तो बोलते, मेरा ठोका हुवा टिकता नै. वो देखो घड़ी." रत्नपालने बघितलं. भिंतीवरचं गोल घड्याळ फ्रिजवर भिंतीला टेकवून उभं केलेलं होतं, खाली सरकू नये म्हणून पुढे मिठाची बरणी.

"भाभी, माफ करा," तो म्हणाला. त्याने पाकीट काढून त्यांच्यापुढे धरलं. "कापले तेवढे हायत. अन् वरचे थोडे."

"वरचे नको," मकबूलभाई आतून आले. त्यांच्या एका हातात हातोडी होती आणि दुसऱ्या मुठीत खिळे. "जेवढे माझे गेले तेवढे मदीनाकडे दे. बाकी तुझ्याकडं ठेव. बाकीचं तुझं तू बघ." त्यांनी खुर्ची ओढून भिंतीशी नेली, तिच्यावर चढू लागले, पण पाय पुरेना, मग उतरले आणि उभ्यानेच, हात पोचेल तिथे, चुन्यावर बोटाने एक खूण केली. "इकडं ये."

रत्नपाल गेला.

"धर."

त्याने दोन बोटांत खिळा धरला. त्याची बोटं आणि हातोडीचा मार्ग यांत बोटभरही अंतर नव्हतं, आणि हातोडी धरलेला हात थरथरत होता. राग अजून मकबूलभाईंच्या चेहऱ्यावर होता. हा घाव बोटांवर घातला तरी त्यांना हक्कच आहे, असं रत्नपालला वाटलं, आणि नवल म्हणजे त्या विचाराने त्याला भीती वाटली नाही, मोकळं वाटलं. तेरा वर्षांत पहिल्यांदा या माणसाजवळ उभं राहताना त्याला कुठे बघावं हा प्रश्न पडला नव्हता.

"हलवू नको."

"न्हाई हलवत."

पहिला घाव बसला. चुन्याची कपची उडाली. दुसरा, तिसरा. खिळा सरळ भिंतीत जात होता, एवढासाही न कलता, आणि प्रत्येक घावागणिक थरथर कमी होत गेली. चौथ्या घावाला मकबूलभाईंनी रत्नपालचं बोट स्वतःच बाजूला सारलं. मग त्यांनी हातोडी काखेत धरली, खिळ्याला दोन्ही हातांनी पकडलं आणि अंगाचा सगळा भार खाली दिला. खिळा हलला नाही. त्यांनी पुन्हा भार दिला. त्यांच्या तोंडून हसू आलं की हुंदका, रत्नपालला नीट कळलं नाही, आणि त्याने ते कळून घेण्याचा प्रयत्नही केला नाही.

मदीनाबी फ्रिजवरचं घड्याळ पुसत पुढे आल्या. "लाऊँ?"

"थांब," मकबूलभाई म्हणाले. "अजून एक ठोकू दे."

"एक घड़ी को दो खिल्ले?"

"ठोकू दे," ते म्हणाले, आणि रत्नपालने न सांगता दुसरा खिळा भिंतीला लावून धरला.